साडेएकोणतीस सेंटिमीटर

लेकीकडे जायचं नक्की झालं तेव्हा मी सगळ्यात आधी माळ्यावरचा पृथ्वीगोल खाली काढला. अप्पा बळवंत चौकातून घेतलेला, तीस सेंटिमीटर व्यासाचा. शाळेत भूगोल शिकवत होते तोवर तो दर वर्षी जूनमध्ये माझ्याबरोबर वर्गात यायचा. धूळ पुसली आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. एक टोक मुंबईवर दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर नेलं आणि दोरा ताणला.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ही रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरियावरून जाऊन अटलांटिक ओलांडते. मुलंही दर वर्षी तेच सांगायची. गोलावर ताणलेला दोरा मात्र सरकत सरकत वर जातो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मॉस्को, फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. हेच बृहद्वृत्त, गोलावरची सगळ्यात जवळची वाट. दोरा पट्टीवर मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. म्हणजे साडेबारा हजारांच्या थोडं वर. सपाट नकाशावरची ती सरळ रेघ याहून दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त भरते.

पण आमचं विमान या दोऱ्यावरून जाणार नव्हतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद आहे. युक्रेनवरचं आकाश २०२२ पासून प्रवासी विमानांसाठी मिटलेलं आहे. म्हणून मी दोरा पुन्हा ठेवला. मुंबईहून मस्कत, तिथून इराक, तुर्कस्तान, मग युरोप आणि अटलांटिक. हा एक सेंटिमीटरभर जास्त आला. एक सेंटिमीटर म्हणजे मुंबईपासून पणजीपर्यंतचं हवाई अंतर. माणसांच्या भांडणापायी वाढलेली वाट एवढी, बोटाच्या पेराहून लहान. पण ती कापायला अर्धा तास आणि काही टन इंधन जास्त लागतं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. आज सकाळी ढोल्या गणपतीला नारळ ठेवला, कृष्णेच्या घाटावर पाच मिनिटं बसलो आणि साडेअकराला गाडी निघाली. लेकीला दिवस भरत आलेले. पाच नोव्हेंबरची तारीख दिलेली. चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. हे एसटीच्या वाई आगारात वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे वजन आणि वेळ या दोन गोष्टींत यांच्याकडे माफी नसते. दोन दिवस ताणकाट्यावर बॅगा टांगणं चालू होतं. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, गोडा मसाला, शेपूच्या बिया. बाळंतविडा वेगळ्या बॅगेत. त्यात जुन्या मऊ सुती लुगड्यांची दुपटी, झबली, टोपरी, माझ्या जाऊबाईंनी शिवलेली कुंची आणि बाळासाठी काळ्या मण्यांची मनगटी.

खंबाटकीचा बोगदा सुटला तरी पुण्यापर्यंत ट्रकांच्या रांगा होत्या. दिवाळी आटोपून मुंबईला परतणारी सगळी गर्दी रस्त्यावर. खंडाळ्याच्या घाटात गाडी पाऊण तास मुंगीच्या पावलानं. विमानतळावर पोचायला साडेसहा तास लागले, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत. यांनी मनगटावरचं एचएमटी बघितलं आणि म्हणाले, "याच्या पन्नासपट अंतर पुढं आहे आणि वेळ लागणार अडीचपट."

हे घड्याळ यांना नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेलं. किल्लीचं आहे. रोज सकाळी अंघोळ झाली की वीस वेळा किल्ली फिरते. मी आधीच सांगितलं होतं की तिकडं गेल्यावर काटे फिरवावे लागतील. यांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही.

मुंबईहून दूर जाणाऱ्या माणसांचा विचार करताना मला नेहमी १९४८ आठवतं. त्या वर्षी ८ जूनला 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ते पहिलं उड्डाण. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. न्यूयॉर्कपर्यंत आपली सेवा पोचायला १४ मे १९६० उजाडला, तीही लंडनमार्गे, बोइंग ७०७ या जेट विमानातून. तेव्हा न्यूयॉर्कच्या त्या विमानतळाला लोक आयडलवाइल्ड म्हणत. केनेडींचं नाव त्याला १९६३ च्या डिसेंबरात, त्यांच्या हत्येनंतर महिनाभरात दिलं गेलं. माझी आई तेव्हा वाईत सासरी नांदत होती आणि तिचं माहेर होतं मेढ्याला, जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तरी ती वर्षाकाठी एकदाच जाई. अंतर किलोमीटरात मोजायचं की किती वेळा जाता येतं त्यात, हे मला तिच्याकडं बघून कळलं होतं.

शुक्रवारची रात्र, जी संपेना

रात्री दीडला विमान सुटलं. बोइंग ७७७, ज्याच्या टाक्यांत १,८१,००० लिटरपर्यंत इंधन मावतं. जमिनीवर धावताना ते इतका वेळ धावत राहिलं की यांनी माझा हात धरला. मला डावी खिडकी होती, यांना मधली वाट. गुडघ्यांमुळे यांना दर तासाला उठून चालायचं होतं. डॉक्टरांनी पायांना घट्ट बसणारे मोजे दिले होते आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं.

समोरच्या पडद्यावर आमचं विमान समुद्रावरून मस्कतकडं सरकत होतं. खाली बोटींचे दिवे. मग आखाताच्या काठची शहरं, वाळवंटात पेटत्या ज्योतींसारखे तेलविहिरींचे ठिपके. जेवण झालं, दिवे मालवले, सगळे झोपले. मला झोप नव्हती. आयुष्यभर जे फळ्यावर काढलं ते आज बघायला मिळणार होतं.

तुर्कस्तान मागं पडल्यावर मी पांघरूण डोक्यावरून घेऊन खिडकीच्या काचेला कपाळ लावलं. आतला उजेड बंद झाला आणि पाच मिनिटांत डोळे सरावले. समोर मृग नक्षत्र होतं. चार खूर, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली डावीकडं व्याध. इतका स्वच्छ मृग मी वाईच्या गच्चीवरूनसुद्धा लहानपणी पाहिला असेल तेवढाच. त्या उंचीवर हवेचा बराचसा थर खाली राहतो, आणि अमावस्येला तीन-चारच दिवस झालेले म्हणून चंद्रही कधीच मावळलेला.

तासाभरानं पुन्हा पाहिलं. मृग जवळजवळ तिथंच. बुडापेस्ट गेलं, जर्मनी गेलं, मृग पंखाच्या टोकावरच. गच्चीवर बसलो तर तासाभरात मृग पंधरा अंश पश्चिमेला कलतो. इथं तो खिळल्यासारखा होता.

कारण सोपं आहे, पण ते डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडं फिरतो. जसजसं उत्तरेला जावं तसतसं अक्षवृत्त लहान होतं आणि हा वेग घटतो. साठ अंशांवर तो बरोबर निम्मा, ८३५. आम्ही पन्नास-पंचावन्न अंशांच्या पट्ट्यात होतो, तिथं तो हजाराच्या आसपास. आणि आमचं विमान जवळपास त्याच वेगानं उलट्या दिशेला, पश्चिमेकडं चाललेलं. पृथ्वी आम्हाला पहाटेकडं ओढत होती आणि विमान आम्हाला रात्रीत मागं नेत होतं. वर्गात मी हे टोपली आणि मुंगी घेऊन सांगायचे. फिरत्या टोपलीवर मुंगी उलटी चालली तर ती एकाच जागी दिसते. त्या रात्री ती मुंगी आम्ही होतो.

पडद्यावर जमिनीच्या हिशेबानं वेग दिसत होता ७९० किलोमीटर, बाहेर उणे ५७ अंश. या विमानाचा हवेतला वेग नऊशेच्या आसपास असतो. उरलेला शंभरेक किलोमीटर समोरचा वारा खात होता. हाच जेट प्रवाह. उष्ण विषुववृत्तीय हवा आणि थंड ध्रुवीय हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारी वाऱ्याची नदी. जाताना ती छातीवर घ्यायची, येताना तिच्यावर स्वार व्हायचं. म्हणूनच आमच्या तिकिटावर जाताना सोळा तास होते आणि एप्रिलमधल्या परतीला त्याहून दीड तास कमी. शहरं तीच, अंतर तेच, वेळ मात्र दोन्हीकडचा वेगळा. आणि 'अमेरिका किती तासांवर आहे?' या प्रश्नाला 'कुठून कुठं?' एवढं विचारून भागत नाही, 'कुठल्या दिशेनं?' हेही विचारावं लागतं.

अटलांटिकवर आल्यावर विमान थोडं वर चढलं. चौतीस हजार फुटांवरून अडतीस हजारांवर. इंधन जळून ते हलकं झालं होतं, आणि हलकं विमान विरळ हवेत कमी इंधनात चालतं. सुरुवातीलाच एवढ्या उंचीवर जाणं त्याला झेपलं नसतं.

हे फेरी मारून आले, हातात पाण्याचा पेला. मी खिडकी दाखवली. यांनी वाकून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. "साडेबारा," म्हणाले. "आपल्याकडं दुपार आहे. जेवायची वेळ." बाहेर मिट्ट काळोख होता. यांनी डब्यातली दशमी काढली आणि आम्ही दोघांनी समुद्रावर, त्या अंधारात, वाईच्या घड्याळाप्रमाणे दुपारचं जेवण केलं.

नोव्हा स्कोशियाच्या जवळ उजाडायला लागलं. आधी मागच्या बाजूनं आकाश राखाडी झालं, मग पंखाच्या टोकाला तांबडा दोरा लागला. भारतात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाच्या आत मुंबईत सूर्य बुडाला होता. तेव्हापासून आत्तापर्यंत सलग बावीस तासांची रात्र आम्ही काढली. आपल्या गावात राहून कुणाला एवढी मोठी रात्र बघता येत नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना चाकं टेकली. तारीख तीच, जी निघताना होती. कागदावर प्रवास साडेसहा तासांचा.

इथं माझा एक जुना हिशेब आडवा आला. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्ताची. न्यूयॉर्कची वेळ ७५ अंश पश्चिमेची. दोन्हींची बेरीज साडेएकशेसत्तावन्न अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. फळ्यावर मी हे उदाहरण कितीदा सोडवलं असेल. पण इथं फरक साडेनऊ तासांचा दिसत होता, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत इथली घड्याळं एक तास पुढं असतात. सूर्याचा हिशेब बरोबर, सरकारचा वेगळा. मला ते पटलं, तरी तो एक तास मनात कुसळासारखा राहिला.

बोटांचे ठसे, फोटो, "किती दिवस राहणार, कुणाकडे?" एवढ्यात आमचं काम झालं. चाकाच्या खुर्चीवरून यांना नेणारा माणूस गुयानाचा होता, त्याच्या पणजोबांचं गाव बिहारमधलं. तो म्हणाला, ते जहाजानं तिकडं गेले, कित्येक आठवडे लागले, आणि परत कधीच गेले नाहीत. मी त्याचा हात हातात घेतला, दुसरं काही सुचलं नाही.

बॅगा तीनच आल्या. चौथी, बाळंतविड्याची, पट्ट्यावर आलीच नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर तासभर उभं राहून अर्ज भरला. तिथली मुलगी सारखी म्हणत होती, "येईल, बॅग मुंबईतच राहिली आहे." मला रडू येत होतं. बाकी काहीही राहिलं असतं तरी चाललं असतं. त्या दुपट्यांत माझ्या आईचं लुगडं होतं.

बाहेर जावई उभा. व्हेराझानोच्या लांब पुलावरून स्टेटन आयलंड, मग गोथल्स पूल आणि न्यू जर्सी. एडिसनला ओक ट्री रोडवर आलो तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर साड्या, मिठाया, सोनं बघून हे म्हणाले, "पुण्यात परत आलो की काय?" लेक दारात होती. एक हात कमरेवर, एक हात दाराच्या चौकटीला. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि आतून पाय लागला.

रविवार ते शुक्रवार

या दिवसांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. रात्री दोनला जाग यायची, दुपारी चारला डोळे मिटायचे. शरीर वाईतच होतं. पश्चिमेकडं आलेल्या माणसाला रुळायला पूर्वेकडं जाणाऱ्यापेक्षा सोपं जातं म्हणतात, कारण दिवस लांबवणं शरीराला जमतं, आखडणं जमत नाही. मी रोज सकाळी उन्हात चालायला जायचे. मेपलची पानं लाल, पिवळी, रस्त्यावर खच. चौथ्या दिवशी पहिल्यांदा पहाटे पाचपर्यंत झोपले.

बॅग सोमवारी संध्याकाळी दारात आली. दुपटी बाहेर काढून उन्हात टाकली तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला.

यांनी घड्याळाचे काटे फिरवले नव्हते. सकाळी अंघोळ, वीस किल्ल्या, आणि घड्याळ भारतीय वेळेवर. जावयानं एकदा हळूच विचारलं, "बाबा, बदलून देऊ का?" हे म्हणाले, "भिंतीवर तुमचं आहे की. एक आमचंही असू दे." आगारात तीस वर्षं यांच्यासमोर दोन घड्याळं असायची, एक फलाटावरचं आणि एक मनगटावरचं. फलाटावरचं चुकलं तर मनगटावरच्यानं गाडी सोडायची.

शनिवार-रविवार, १ आणि २ नोव्हेंबर

शनिवारी संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. पाच तारखेपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती, की बाळाची. रात्री नऊला दवाखान्यात. जावई आत, आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी रामरक्षा म्हणत होते. हे खिडकीशी उभे.

बारा वाजले. साडेबारा. एक. एकदा दार उघडलं, परिचारिका पाणी घेऊन गेली. दीड. दोन वाजायला आले आणि जावयाच्या विसरलेल्या फोनवर आकडे बदलले. १:५९ नंतर १:०० आलं. मी दचकले. मग लक्षात आलं, नोव्हेंबरचा पहिला रविवार. घड्याळं एक तास मागं गेली. माझ्या मनातलं ते कुसळ निघालं. आता साडेदहा तास, फळ्यावरच्या उदाहरणाप्रमाणे.

त्यानंतर थोड्याच वेळात आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडलेला, मग मोठा. मी उभी राहिले आणि पाय थरथरायला लागले. जावई बाहेर आला, डोळे भरलेले. "आई, मुलगी. दोघी छान आहेत. एक वाजून वीस मिनिटांनी."

मी यांच्याकडं पाहिलं. हे आधीच मनगट उजेडात धरून उभे होते.

"अकरा पन्नास," म्हणाले. "रडं ऐकलं तेव्हा बघितलं."

वाईला फोन लावला. मोठ्या जाऊबाईंनी उचलला. मागं दूरदर्शनवर पंढरपूरच्या कार्तिकीच्या गर्दीचा आवाज. आनंदानं त्यांना बोलता येईना, आणि बोलता आलं तेव्हा पहिला प्रश्न तोच, जो त्यांनी आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या वेळी विचारला आहे. "वेळ नीट टिपलीस ना? गुरुजींना सांगायची आहे."

मी सांगितलं, "इथं आज रात्री एक वाजून वीस मिनिटं दोनदा झाली. आपली दुसऱ्या वेळची आहे. गुरुजींना गोंधळ नको, भारतीय वेळ लिहा. रविवार, सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटं. ठिकाण एडिसन."

"कुणी बघितली?"

"भाऊजींनी तुमच्या. एचएमटीवर."

पलीकडं पेन शोधण्याचा आवाज आला. जाऊबाई एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहून घेत होत्या. आत परिचारिकेनं बाळाला माझ्या आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळून आणलं, आणि मी हात पुढं केले.